विचारत बसू नका

१२ जानेवारी

ओढ्याकाठचा मोठा करंज पेटवला कुणीतरी. बुंध्याशी उसाचं पाचट रचून, वाऱ्याची बाजू बघून, बेतानं. वर पानं हिरवीगार, खाली अर्धा बुंधा कोळसा. आमच्या भागात झाड असंच मारतात. कुऱ्हाडीचा घाव दिसतो. पाचट काय, तोड झाली की सगळेच पेटवतात. पुढं कधीतरी झाड आडवं झालं की म्हणायचं, वादळानं पडलं.

बारामतीची एसटी सोडली. कॉलेजात घ्यायचं पहिलं लेक्चर बुडालं. मी, दिलीप, सुनंदा, तिघांनी बादल्या मारल्या. दिलीप वायरमन, खांबावरून तसाच उतरून आलेला, कमरेला पक्कड. माझा धाकटा भाऊ, पण रागात माझ्या दोन पावलं पुढं. "आक्का, कुणी केलं त्ये सांग फकस्त. त्येच्या बुडाखाली पाचट लावतो." सुनंदा म्हणाली, "आधी बादली भरा. नवरा हाय का फटाका."

हसलो. पण मलाही तेच करावंसं वाटत होतं.

१५ जानेवारी

पुरावा कशाला हवा. प्लॉटवाला. (त्याचं नाव या वहीत येणार नाही. यापुढं नुसतं प्लॉ.) ओढा पाइपात घालायचा, वर मुरूम टाकायचा, त्यावर प्लॉट पाडायचे. करंज बरोबर मधोमध येतो.

गावाची सगळी गटारं या ओढ्याला, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला बुद्धविहार आणि आमची वस्ती. गाव भांडी घासतं, गाव आंघोळ करतं, आणि ते पाणी आमच्या दारात येऊन सडतं. माझ्या जन्माआधीपासून. वस्तीतला ताप हटत नाही. पाइप घातला तर पावसाळ्यात त्याचं तोंड कुणाच्या उंबऱ्यावर उघडणार?

पाणी निवळवायचा आमचा आराखडा गावातल्यांना पोरखेळ वाटतो. पाणी आधी गाळाच्या तळ्यात. मग कर्दळ आणि वाळ्याच्या वाफ्यांतून. मग केळी, आळू. निवळलेलं ओढ्यात. काठावर शेवगा, हादगा, जांभूळ, सीताफळ, त्यांच्या सावलीत हळद, आणि जमिनीवर पाचटाचं जाड पांघरूण. जाळायचं नाही, पांघरायचं. शाळेची वाट त्या सावलीतून. ज्याला भाजी पाहिजे त्यानं शेंगा तोडाव्यात.

यात कुणाचं काय जळतं? जळतं. सावली विकता येत नाही.

२० जानेवारी

तात्या आले. मोठ्या भावकीतले, कारखान्याचे जुने सभासद. ओढ्याला लागून त्यांचा ऊस, आणि उसापलीकडं ओढ्याच्या कडेला पडीक पट्टी. तळ्यासाठी ती देतो म्हणाले. विहारापाशी बसून चहा प्याले. आजूबाजूला बघितलंही नाही, कोण बघतंय का ते. मला तेवढ्यानंच भरून आलं, आणि त्याचाही राग आला.

"मॅडम, ऊस तुटल्याबिगर मशीन आत जात न्हाय. तोडीची टोळी यिऊन गेली की वाट मोकळी. मंग तळं खांदा न्हायतर हेलिकॉप्टर उतरवा."

पट्टीवर पांढरी फक्की मारली. तळ्याचा आकार मी स्वतः चालत आखला, काजूसारखा बाक देऊन.

"सरळ चौकोन का न्हाय काढत?"

"पाण्याला सरळ जायची घाई असते, तात्या. ती मोडायची."

"आमच्या सुनंसाठी बी असलं कायतरी आखा."

२६ जानेवारी

ग्रामसभा. झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात. दिलीपनं माइक लावला. दोन कर्णे, एक गावाकडं तोंड करून, एक वस्तीकडं. माझ्या प्रत्येक सभेला तोच लावतो. "तू फकस्त बोल. आवाजाचं माझ्याकडं."

टिपणं काढून नेली होती. मोहेंजोदडोच्या झाकलेल्या गटारांपासून सुरू करायचं ठरवलं होतं. प्लॉ. पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेला. मध्येच म्हणाला, "मॅडम, झाडंबिडं ठीक हाय, पर गावाला घाण वास सोसत न्हाय. म्हणून पाइप."

"सोसत नाही म्हणूनच तर आमच्याकडं पाठवता."

टाळ्या. गावाच्या बाजूनं सुद्धा! टिपणं खिशात गेली. मग जे बोलले ते पोटातून. शेवटची वाक्यं जशीच्या तशी आठवतात:

"अर्ज करून विचारलं. हात जोडून विचारलं. आता विचारण्याचे दिवस संपले. ओढ्यावर पिवळं मशीन दिसलं की विचारत बसू नका!"

अख्खं पटांगण उभं राहिलं. गाव आणि वस्ती एका ठिकाणी, खांद्याला खांदा. हे मी बघेन असं वाटलं नव्हतं. घसा बसलाय. मिठाच्या गुळण्या. खूश आहे.

३ फेब्रुवारी

"विचारत बसू नका" आता फोनाफोनात फिरतंय. कुणीतरी मागं ढोल लावलाय. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "बाई, आमी बी इचारत बसत न्हाय, सुटं न्हाय तर उतरा." कॉलेजातल्या मुली जिन्यात बाजूला होऊन वाट देतात.

करंजाला शेणमाती लिंपली. जळकी बाजू बोटानं खरवडली की अजून कोळसा निघतो.

प्लॉ. चं मशीन सोमवारी येणार अशी आवई. आलं नाही. पोरं आळीपाळीनं ओढ्यावर बसतात, काठ्या घेऊन. मी चहा पाठवते.

९ फेब्रुवारी

दिवसभर प्रॅक्टिकल परीक्षा. फोन स्टाफरूमच्या कपाटात. परत येताना सणसरच्या अलीकडं एसटी कडेला घेतली, समोरून सायरन वाजवत गाडी गेली. कुणीतरी बाई म्हणाली, कुणाचं काय झालं बाई. मी वर्तमानपत्र वाचत होते.

घरी आले तर अंगणात दिलीप. शर्टावर रक्त. "माझं न्हाय," म्हणाला. हसत होता.

ओढ्यावर मशीन उतरलं. पोरांनी बघितलं, हाक गेली, गाव धावलं, वस्ती धावली. काच फोडली. ड्रायव्हरला खाली ओढलं. काठ्या, दगड, खोऱ्याचे दांडे. जबडा गेला. एक डोळा बहुतेक.

"वरडत हुता कायतरी. हात करत हुता. पर मशीन चालू, काय ऐकू यीना. आक्का, एकानं बी इचारलं न्हाय बग. तू सांगितलंस तसंच."

वाटेत भेटलेली गाडी त्याचीच.

वाईट वाटलं. आणि खोटं कशाला लिहू, आत कुठंतरी बरंही वाटलं. प्लॉ. च्या पैशावर आलेला माणूस. त्याला कळलं असेल आता.

गाव आणि वस्तीनं मिळून केलेलं पहिलं काम.

१० फेब्रुवारी

सकाळी ओढ्यावर गेले. मशीन तसंच उभं, सीटवर काचेचा चुरा, पायरीवर वाळलेलं रक्त, एक चप्पल.

आणि खड्डा.

ओढा बुजवायला आलेला माणूस खड्डा कशाला काढेल? जवळ गेले. पांढरी फक्की. खड्डा रेषेच्या आत होता. कुठंही रेष ओलांडली नव्हती. काजूचा बाक. वळणावर मशीनचे दात अलगद फिरवलेले, माती एका अंगाला नीट रचलेली. माझं तळं. अर्धं झालं होतं.

फोन काढला. कालच्या सकाळचे तात्यांचे कॉल. बघितलेच नव्हते मी. काल संध्याकाळी प्रत्येकजण अभिनंदनाचा फोन करत होता, त्यांत ते खाली गेले.

तात्यांकडं गेले. गोठ्यात बसलेले, धार न काढता.

"टोळी ठरल्याआधीच आली, मॅडम. रान मोकळं झालं. म्हनलं मशीन दुसरीकडं जायच्या आत लावून घ्यावं. तुमाला फोन केला. तुमी उचलला न्हाय."

"तुम्ही कुठं होतात?"

"डिझेल आणाया. आलो तवा त्यो खाली पडल्याला."

"मग ओरडायचं! सांगायचं!"

"कुणाला सांगू? समदी तुमचंच वाक्य वरडत हुती."

म्हशीनं बादली लाथाडली. कुणी उचलली नाही.

"मी बोलावलं म्हनलो तर मला बी तसंच झोपवत्याल. मी न्हाय बोलनार, मॅडम. तुमी बी बोलू नका."

११ फेब्रुवारी

दिलीपला सांगितलं. जेवत होता. घास हातात तसाच.

"पर मशीन पिवळंच हुतं की, आक्का."

घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "पयला दांडा माझा."

सुनंदानं तव्यावरची भाकरी उलटलीच नाही, करपली. पोलिसांत 'अज्ञात जमाव' म्हणून नोंद आहे. अज्ञात! अख्ख्या गावाला माहीत असलेला जमाव. सुनंदा मला म्हणाली, "आक्का, तुमचं बोलणं वरनं जातं, कर्ण्यातनं. खाली आमी ऱ्हातो."

करपलेली भाकरी मी तव्यावरून काढली.

१४ फेब्रुवारी

तालुक्याहून आदेश आला. जनभावना बघता पाइपाचं काम पुढील निर्णयापर्यंत थांबवण्यात येत आहे. गावात पेढे. विहारात पेढे.

एवढी वर्षं अर्ज, निवेदनं, उपोषण, माझी भाषणं. काही हललं नाही. एका गरीब माणसाचा जबडा फोडला आणि ओढा वाचला. याचं काय करू? कुठं ठेवू हे?

एसटी स्टँडवर प्लॉ. भेटला. एकटाच. "मॅडम, आईशप्पत सांगतो, त्ये मशीन माझं नव्हतं. मला बी कळंना कुणाचं."

भोवतीचे हसले. "व्हय व्हय, आभाळातनं पडलं!" कुणीतरी मागून दगड मारला, त्याच्या गाडीचा दिवा फुटला. माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होता आणि ते फक्त मला माहीत होतं. मी रुमालानं चष्मा पुसला.

१८ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. हणमंत त्याचं नाव. नरसिंहपूरकडचा. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. डाव्या डोळ्यावर बोळा. उजव्यानं माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. ओळखलं.

बाहेर बाकावर त्याचे वडील. धोतर, हातात थैली, थैलीत मोसंबी. मुलाला चावता येत नाही हे त्यांना आधी कुणी सांगितलं नसावं.

"तुमी भाषणवाल्या बाई न्हवं?"

"होय, आबा."

"सकाळी निघताना म्हनला, आबा, आज मुरूम टाकायचं काम न्हाय, तळं खांदाया चाललोय. लई दिसानं बरं काम घावलं." थैली एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर. "त्येला कुणी इचारलं बी न्हाय, बाबा कशाला आलास."

मी काय बोलले? काहीतरी बोलले. उपचाराचं मी बघते, असं काहीतरी.

"त्ये ऱ्हाऊ द्या. तुमी जितं बोललात तितंच हुबं ऱ्हावा. त्याच कर्ण्यातनं सांगा, माझं पोरगं तुमच्याच कामाला आलं हुतं. गावं त्येला प्लॉटवाल्याचा कुत्रा म्हनत्यात. आमच्या घाटापातुर ग्येलंय त्ये. उद्या त्येला मशीनवर कोन बशिवनार?"

मोसंब्यांतलं एक माझ्या हातात दिलं. घरी आणलं. फ्रीजवर पडून आहे.

२१ फेब्रुवारी

दोन मार्चला खास ग्रामसभा. विषय: ओढा वाचवल्याबद्दल माझा सत्कार. शाल तात्यांच्या हस्ते.

पेपर तपासायचेत. गठ्ठा उघडलाही नाही.

किती वाचलं मी उठावांवर. कपाटं भरलीत. त्या सगळ्या पुस्तकांत जमाव योग्य माणसालाच मारतो. किंवा ज्याला मारलं तो योग्य होता असं लिहिणारा नंतर ठरवतो. मला आत्ता ठरवता येईल. कुणी विचारणार नाही. सगळे गप्प राहायला तयार आहेत, मीच तेवढी...

सांगितलं तर: स्थगिती उठेल. प्लॉ. सकाळी मुरूम टाकेल. दिलीप आत. आणि गाव म्हणेल, वस्तीवाल्यांनीच मारला, आम्ही नुसते बघत होतो. हे नक्की म्हणेल.

नाही सांगितलं तर: तळं पुरं होईल. कर्दळी लागतील. पाणी निवळेल. त्या पाण्याकडं मी बघू शकेन?

२४ फेब्रुवारी

दिलीपला म्हटलं, मी सभेत खरं काय ते बोलणार आहे.

ताट भिंतीवर गेलं. मग भिंतीवर मूठ. बोटांची सालपटं निघाली. पोरी रडायला लागल्या, सुनंदा त्यांना घेऊन शेजारी गेली.

"मी आत ग्येलो की लायसन जाईल. पोरींचं काय? तू बोललीस म्हणून मारलं मी! तू म्हनलीस इचारू नका!"

"मारा म्हटलं नव्हतं मी."

"मंग काय म्हनायचं हुतं? सांग की. काठ्या घिऊन बसलो हुतो तवा चा कुणी पाठवला? सांग, त्यो मेला असता तर कुणाला फाशी? बोलणारीला का मारणाऱ्याला? तू पुस्तकं वाचलीत. सांग."

हळद लावायला गेले तर हात झटकला. मी तशीच उभी. लहानपणी याच्या गुडघ्यावर हळद मीच लावायची.  हळदीची वाटी त्याच्यापाशी ठेवून बाहेर आले.

२७ फेब्रुवारी

प्लॉ. च्या दारातली चिंच पेटवली. आपल्याच पोरांनी. बुंध्याशी पाचट, वाऱ्याची बाजू बघून, बेतानं. कुणाकडून शिकले ते विचारायला नको.

कॉलेजातून येताना धूर दिसला, उतरले. प्लॉ. घरी नव्हता. त्याची बायको एकटी बादल्या मारत होती, पदर खोचून. मला बघून थांबली. वाटलं बादली माझ्यावर येते. मग तिनं दुसरी बादली माझ्याकडं सरकवली. दोघींनी विझवली.  शेवटी ती म्हणाली, "सासूबाईंनी लावलेली हाय. आता झालं का समाधान तुमचं?"

रस्त्यावर पोरं उभी. त्यांतला एक उत्साहानं पुढं आला. "आक्का, इचारत बसलो न्हाय!"

कानाखाली वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर हात टाकला. त्याला कळेना कशाबद्दल.  हात अजून झणझणतोय.

१ मार्च

तात्या दारात. आत आले नाहीत. "मॅडम, हात जोडतो. येवढं तळं हुऊ द्या. पाणी निवळू द्या. मंग काय त्ये सांगा." गेले. वळून परत आले. "माझं नाव घ्यायचं असंल तर घ्या. घेऊ नका. तुमाला काय वाटंल त्ये."

अर्धवट खड्ड्यात गटाराचं पाणी झिरपलंय. वास मारतं. डासांची पिलावळ. अर्धं तळं हे गटारापेक्षा वाईट.

आबांना फोन केला. म्हटलं, उद्या सभा आहे. पुढं बोलणार होते तर त्यांनीच फोन ठेवला.

दिलीप पाच दिवस बोललेला नाही. संध्याकाळी कर्णे पुसत होता.

२ मार्च

शाळेच्या ओट्यावर बसून लिहितेय. पटांगण भरत आलंय. सतरंज्या, पुढं खुर्च्या. गाव आणि वस्ती मिसळून बसलीय, कोण कुठलं ते सांगता येऊ नये इतकी. हे मी मागितलं होतं.

आबा आणि हणमंत आले. पहिल्या एसटीनं आले असणार. मागं, कुंपणाच्या भिंतीला टेकून. हणमंतनं तोंडाला टॉवेल गुंडाळलाय, एक डोळा तेवढा उघडा. कुणी ओळखलं नाही. कुणीतरी त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्यानं टॉवेल न काढता परत केला. देणाऱ्यानं त्या दिवशी हातात काय धरलं होतं कोण जाणे.

प्लॉ. आलेला नाही. बायको आलीय. सुनंदाच्या शेजारी जागा होती, तिथं बसली. सुनंदा सरकली, पण उठली नाही.

तात्यांच्या हातात शाल. घडी उलगडतात, परत घालतात.

दिलीप माइक लावतोय. बोटांवर पट्ट्या. इस्त्रीचा शर्ट. दोन्ही कर्णे बांधून झाले. माझ्यापाशी आला, माझ्याकडं न बघता वायर सोडवत म्हणाला,

"आवाज किती ठिवू?"

"नेहमीएवढा."

"पार वस्तीपातुर?"

"पार वस्तीपर्यंत. गावातही."

मान हलवली. काय बोलणारेस ते विचारलं नाही. जाऊन अँप्लिफायरच्या पेटीपाशी बसलाय, अंगठा बटणावर. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. कर्ण्यातून त्याचा आवाज ओढ्यापर्यंत जाऊन परत आला.

माझं नाव पुकारलं. लाल दिवा लागलाय पेटीवर. उठते.